जोड अडतीस : बरा

४ मार्च

मामा,

काल फोन केला तर आईने उचलला आणि तू मागून ओरडलास, "कसला हातरुमाल?" हातरुमाल नाही, हायड्रोजन. म्हणून हे पत्र. कॉम्प्रेसरशेजारी तीस वर्षं काढलेल्या माणसाशी फोनवर बोलून माझा घसा बसतो आणि तुला शेवटी कळत काहीच नाही.

तर काम असं आहे. बंदराच्या पट्ट्यात हिरव्या हायड्रोजनला कितपत वाव आहे, याचा अहवाल आमची कंपनी करतेय आणि तो माझ्या गळ्यात पडलाय. उन्हावर आणि वाऱ्यावर वीज करायची, त्या विजेने पाणी फोडायचं, निघालेला गॅस खताच्या आणि पोलादाच्या कारखान्यांना द्यायचा, उरलेला जहाजात भरायचा. धूर नाही, काजळी नाही. ऐकायला छान आहे, आणि खरं सांगते, मला पटतंही. पण गेल्या सहा वर्षांत या पट्ट्यावर अकरा अहवाल झालेत. माझा बारावा. गॅसचा बुडबुडा अजून कुणी पाहिलेला नाही. बैठकीत भिंतीवर हिरवी पानं, हिरवी अक्षरं, हिरवी लाट. साहेब चहात बिस्किट बुडवून 'संभाव्यता' हा शब्द इतक्या वेळा म्हणतात की मला त्या बिस्किटाचाही वीट आलाय.

तुझी ती जुनी गॅसलाईन आहे ना, कारखान्यापासून धक्क्यापर्यंतची अकरा किलोमीटर, ती वापरता आली तर प्रकल्प दोन वर्षं आधी सुरू होईल. कारखाना बंद झाला तेव्हा तिचे कागद कुठे गेले ते कुणालाच माहीत नाही. पण तुझ्या वह्या आहेत. प्रत्येक जोड तू तपासून लिहायचास. देशील?

तुझी चिंगी


११ मार्च

चिंगे,

वह्या पाठवतोय. तिन्ही. तुझ्या आईने जुन्या चादरीच्या तुकड्यात शिवून दिल्यात, उसवताना कात्री पानाला लावू नकोस.

तुझ्या कंपनीची माणसं इथे येऊन गेली, हे तुला ठाऊक आहे का? डोक्यावर नव्याकोऱ्या टोप्या, पायात पांढरे बूट. आपल्या गल्लीत लाईनच्या चेंबरवर जी लोखंडी झाकणं आहेत, त्यांवर बायका कपडे वाळत घालतात. तर ह्यांनी कपडे दोन बोटांनी उचलले, फोटो काढले आणि तसेच खाली टाकून गेले. जाताना प्रत्येक दारात एक चकचकीत पत्रक. त्यावर पान, पानावर दवाचा थेंब. माझ्या दारात टाकलेलं मी लगेच उचलून बादलीखाली ठेवलं, गळकी आहे. हिरवा म्हणे. ज्याला रंग नाही, वास नाही, पेटला तर दिवसा ज्याची ज्योतही दिसत नाही, त्याला हिरवा म्हणायला जीभ कशी वळते कोण जाणे.

वह्यांबद्दल. पहिल्या दोन वह्या माझ्या आणि लंबूच्या. तुला आठवत असेल लंबू, दारातून वाकून आत यायचा तो. आम्ही दोघं बादलीत साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन लाईनभर फिरायचो. जोडावर फेस लावायचा, बुडबुडा वाढला तर तिथून गॅस जातोय. एवढंच काम, पण ते नीट करायला आयुष्य लागतं. लंबू गेला त्याला एकोणीस वर्षं झाली. चेंबरमध्ये उतरून सिगारेट पेटवली म्हणे. त्यानंतरची वही मी एकट्याने लिहिलीय.

अक्षर लागत नसेल तर विचार. अंदाजाने काही करू नकोस.

मामा


२ एप्रिल

मामा,

तू कमाल आहेस. अक्षर इतकं लागतं की साहेबांना वाटलं छापील आहे.

तिसऱ्या वहीतली शेवटची फेरी मी घेतली. चारशे बारा जोड. त्यातले तीनशे नऊ 'ठीक', एकशे एक 'बरा' आणि फक्त दोन 'गळतो'. म्हणजे चारशे दहा जोड चांगले, त्यातले एकशे एक आधी बिघडून मग दुरुस्त झालेले. इतक्या जुन्या लाईनसाठी हे भलतंच चांगलं आहे. मी तक्ता केला, खाली सही केली आणि अहवाल परवाना ऑफिसात गेला सुद्धा. वीस मेला लाईनमध्ये चाचणीपुरता गॅस सोडणार आहेत, खरा हायड्रोजन. बाराव्या अहवालातून अखेर काहीतरी निघालं, आणि ते माझ्या आणि तुझ्यामुळे.

एकच गोष्ट खटकली. साहेबांनी तुझ्या वहीच्या एका पानाचा फोटो माणसाएवढा मोठा करून स्वागतकक्षात लावलाय. खाली लिहिलंय 'कष्टकऱ्यांचा वारसा'. पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. एकाने तर पानावरच्या तेलाच्या डागाला हात लावून वास घेतला. कसंतरीच झालं मला. पण चालायचंच.

आईला सांग, आपल्या गल्लीतली झाकणं आता नवीन बसवतील.

चिंगी


७ एप्रिल

चिंगे,

तुझं पत्र तीनदा वाचलं, कारण पहिल्या दोन वेळा माझा विश्वास बसला नाही.

बरा म्हणजे दुरुस्त झालेला, हे तुला कुणी सांगितलं? आजारी माणूस बरा होतो तसा लोखंडाचा जोड बरा होतो का गं? आमच्या वहीत 'ठीक' म्हणजे फेस हलला नाही. 'गळतो' म्हणजे फेस उडाला, लाईन बंद करा. आणि 'बरा' म्हणजे फेस हळूहळू फुगतोय, गॅस जातोय, पण शिफ्ट निभावेल. कुणी विचारलं 'कसं काय?' तर अंग मोडून आलेला माणूसही 'बरं आहे' म्हणतो ना, तसला तो बरा.

म्हणजे तुझ्या चांगल्या जोडांतले एकशे एक गळके आहेत. आणि ते जुन्या गॅसला गळके. त्या गॅसला निदान वास होता, नाकाला कळायचं. तुझा हा नवा गॅस त्याच्याहून कितीतरी बारीक, जिथून तो जात नव्हता तिथूनही हा जाईल, आणि जुन्या पोलादात शिरून त्यालाच ठिसूळ करील. शिवाय नऊ वर्षं ती लाईन पाण्यात सडतेय. दोनशे अकरा ते दोनशे एकोणीस हे जोड आपल्या गल्लीखाली आहेत. नऊपैकी सात 'बरा'. दोनशे चौदा तुझ्या आईच्या शिवणमशीनच्या बरोब्बर समोर, उंबऱ्यापासून चार पावलांवर. त्या झाकणावर बसून पोरी अभ्यास करतात.

गॅस वाईट नाही, तो येऊ दे. नवी लाईन टाका, गल्लीला वळसा घालून न्या, या वयात मी स्वतः ब्रश घेऊन प्रत्येक जोडाला फेस लावीन. पण ह्या नळीत नाही.

तुला मी लिहिलं होतं, अंदाजाने करू नकोस. एवढं शिकलीस, मोठ्या ऑफिसात बसलीस, आणि एक शब्द विचारायला तुझी लेखणी झिजली. तुझी सही ह्या घाणीखाली आहे, ह्याची मला शिसारी येते. अहवाल परत घे.

मामा


१६ एप्रिल

मामा,

तू बोललास ते सगळं मला लागू आहे.

साहेबांकडे गेले. ते जेवत होते. मी सगळं सांगितलं, बरा, ठीक, गळतो, गल्ली, आईचं दार. ते ऐकत राहिले आणि ऐकताना माझ्याच तक्त्याच्या पानाचा कोपरा दुमडून त्याने दात कोरत राहिले. मग कपाटातून शब्दकोश काढला. त्यात बोट ठेवून वाचलं, "बरा : चांगला, ठीक, रोगमुक्त." म्हणाले, "तुमच्या मामांचा अर्थ तुमच्या मामांपाशी. कागदाचा अर्थ कागदावर." ते पान त्यांनी चुरगळून ताटात टाकलं आणि हात पुसले.

मग म्हणाले, वही ज्याने लिहिली त्याने स्वतः परवाना अधिकाऱ्यापुढे येऊन लिहून द्यावं की माझ्या वहीचा अर्थ वेगळा आहे. नाहीतर वीस मे कायम.

तर मामा, ये आणि लिहून दे. एका दिवसाचं काम आहे.

पण एक विचारू? साहेबांनी जाताना जे म्हटलं ते डोक्यातून जात नाही. सुरक्षेची वही वरचे लोक वाचतात, मग त्यात त्यांना कळणार नाही असा शब्द कुणी का लिहील? प्रत्येक महिन्याच्या पानाखाली फोरमनची सही आहे. त्याला 'बरा'चा अर्थ माहीत होता का?

आणि काल मी दुसरी वही चाळत होते. लंबूकाका गेले त्याच्या आदल्या दिवशीचं पान. धक्क्याजवळचा जोड अडतीस. तुझं अक्षर. 'बरा.' ते त्याच चेंबरमध्ये उतरले होते ना?

चिंगी


३० एप्रिल

मामा,

चौदा दिवस झाले. आई सांगते तू ठणठणीत आहेस, मशीनचा पट्टा बदलून दिलास, वर्तमानपत्र वाचतोस. म्हणजे हात चालतायत. मग चिडलायस की घाबरलायस?

परवाना अधिकाऱ्याला मी एकटी भेटून आले. माझी चूक झाली असं लेखी दिलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही ऐकीव सांगताय. ज्याने लिहिलं त्याला आणा." माणूस वाईट नाही, पण त्याच्या टेबलावर आमच्या कंपनीची हिरवी दिनदर्शिका आहे. ऑफिसात माझी जागा बदललीय, आता मी झेरॉक्सच्या मशीनशेजारी बसते. येणारेजाणारे माझ्याकडे न बघता कागद काढून नेतात, मी तिथे ठेवलेली टोपली असल्यासारखे. कालपर्यंत ह्यांच्याबरोबर मी डबा खायचे.

वीस दिवस राहिलेत. काहीतरी लिही.

चिंगी


५ मे

चिंगे,

लिहितो. हे तुझ्या आईलाही माहीत नाही.

'बरा' हा शब्द आम्हीच काढला, मी आणि लंबूने. 'गळतो' लिहिलं की लाईन बंद करायची, शिफ्ट घरी जायची. महिन्यातून तीनदा लिहिलं तर फोरमन वही आपटायचा, "पुन्हा गळतो? तुम्हाला दुसरं काही लिहिता येत नाही?" मग एका दुपारी लंबू हसत म्हणाला, बरा लिही. वाचणाऱ्याला वाटेल बरा झाला, आपल्याला कळेल काय ते. फोरमन खूश, वरचे खूश, आम्ही खूश. म्हणजे तू जे वाचलंस तेच वाचावं म्हणून तो शब्द होता. तुझी चूक नव्हे ती, आमची हुशारी. आणि त्यासाठी मी तुला झापलं. तुझ्या सहीची शिसारी येते असं लिहिताना मला लाजही वाटली नाही, इतका मी कोडगा झालोय.

आता अडतीस. नियम असा होता की वहीत 'गळतो' असेल तर झाकण उघडून तासभर थांबायचं, आतला गॅस जाऊ द्यायचा, मगच उतरायचं. 'बरा' असेल तर थांबणं नाही. मी आदल्या दिवशी फेस लावला तेव्हा तो चांगलाच फुगला होता. शिफ्ट संपत आली होती. 'गळतो' लिहायला हवं होतं, मी 'बरा' लिहिलं. दुसऱ्या दिवशी लंबूने वही बघितली आणि सरळ उतरला. ठिणगी न पाडणारा पितळी पाना दुसऱ्या शिफ्टकडे होता, म्हणून लोखंडी घेऊन गेला. ठिणगी पडली असणार.

चौकशीत त्याच्या खिशात काड्यापेटी सापडली. सिगारेट पेटवली, असं त्यांनी ठरवलं. ती पेटी कशासाठी होती ते मला माहीत होतं. फेसात बारीक भोक सापडलं की त्यावर न पेटवलेली काडी टेकवून खूण करायची, आम्ही दोघंही काड्या बाळगायचो. माझ्याही खिशात पेटी होती. मी चौकशीच्या खोलीत खुर्चीवर अडीच तास बसलो आणि ती खिशातच दाबून धरली. बोललो असतो तर वही खोटी ठरली असती. कागदावर लिहिलं गेलं, 'मयताचा निष्काळजीपणा.'

लंबूची बायको तीन दारं सोडून राहते. वहिनी. लग्नानंतर तिने लंबूकडून सिगारेट सोडायचं वचन घेतलं होतं. एकोणीस वर्षं ती मानते की त्याने वचन मोडलं आणि त्यातच मेला. त्याच्या फोटोला शिव्या घालताना मी तिला ऐकलंय. आणि तुझी मामी गेल्यापासून माझा दुपारचा डबा ती करते. म्हणते, 'भावोजी, त्याच्या मागे तुम्हीच उभे राहिलात.' मी तो डबा खातो. रोज खातो, चाटून पुसून खातो. माझ्याइतका किळसवाणा माणूस ह्या गल्लीत दुसरा नाही.

अधिकाऱ्याला सांगायचं तर आधी तिला सांगावं लागेल. चौदा दिवस मी तिच्या दारापर्यंत जातो आणि रिकामा डबा देऊन परत येतो.

मामा


९ मे

मामा,

तू ठरव, मी काही सांगणार नाही, असं लिहायला बसले होते. फाडलं ते. सांगते. जा आणि सांग तिला. आईच्या दारासमोरच्या झाकणावर पोरी बसतात हे मला तूच लिहिलंस.

मला तुझा राग आलाय. इतका की पत्राच्या शेवटी काय लिहावं कळत नाही. लंबूकाका मला खांद्यावर घेऊन दिव्याच्या खांबाला हात लावू द्यायचे. तुला किळसवाणा वगैरे म्हणवून घ्यायचं असेल तर नंतर म्हणवून घे, आत्ता वेळ नाही. वीस तारीख ठरलेली आहे.

चिंगी


२१ मे

चिंगे,

गॅस सोडला नाही, हे तुला ऑफिसात कळलंच असेल. बाकीचं सांगतो.

तुझं पत्र चौदाला आलं. त्याच दुपारी डबा घेऊन गेलो, भरलेलाच. वहिनी दारात सुईत दोरा ओवत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मला ऐकू कमी येतं म्हणून मी मोठ्याने बोलतो, तुला माहीतच आहे. अर्ध्या गल्लीने ऐकलं. तुझ्या आईने मशीन थांबवली.

मी संपवल्यावर वहिनीने विचारलं, "म्हणजे तो ओढत नव्हता?" मी म्हटलं, नाही. "एकदाही?" मी म्हटलं, तुम्ही वचन घेतल्यापासून एकदाही नाही, मी समोर ओढायचो तर उठून जायचा. तिने माझ्या हातातला डबा घेतला, गटारात ओतला, डबा धुऊन आत नेला आणि दार लावून घेतलं.

सोळाला मी परवाना ऑफिसला निघालो तर ती बसथांब्यावर उभी. हातात कापडी पिशवी. माझ्याकडे पाठ करून त्याच बसमध्ये चढली. अधिकाऱ्यापुढे मी दोन पानं लिहिली. कोणता शब्द, कुणी काढला, कशासाठी, अडतीसला काय झालं, काड्या कशाला. तुझे साहेबही आले होते. मी लिहीत असताना ते अधिकाऱ्याला म्हणाले की हा केवळ संवादातला गोंधळ आहे, आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. गुळगुळीत, थंड हात. मी उठून खुर्ची बदलली. अधिकाऱ्याने वाचलं, चाचणी रोखल्याचा शिक्का मारला. आता नवी लाईन, गल्लीच्या बाहेरून. तुझा हिरवा गॅस दोन वर्षं लांबला. आमची झाकणं काँक्रीटने बुजवणार आहेत. गल्लीत दोघंतिघं माझ्याशी बोलत नाहीत, त्यांच्या मुलांना तिथे कामं लागणार होती. न बोलोत.

मी निघालो. वहिनी निघाली नाही. तिने पिशवीतून एक जुना कागद काढून अधिकाऱ्यापुढे ठेवला, लंबूच्या चौकशीचा. म्हणाली, "ह्यावर निष्काळजीपणा लिहिलंय. ते खोडा." तो म्हणाला, ते खातंच बंद झालं, माझ्या हातात नाही. ती म्हणाली, "मग ज्याच्या हातात आहे त्याला बोलवा, मी बसते." आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

मधला शनिवार-रविवार सोडून आज तिचा तिथला चौथा दिवस. सकाळी ऑफिस उघडलं की येते, बंद झालं की जाते. शिपाई आधी हाकलायचा, आता पाणी आणून देतो. मी दुसऱ्या दिवसापासून येतोय. पहिल्यांदा शेजारी बसायला गेलो तर तिने पिशवी उचलून आमच्या मधे ठेवली. मी पिशवीच्या पलीकडे बसतो. हे पत्र तिथेच मांडीवर धरून लिहितोय. आत्ता तिने विचारलं, कुणाला लिहिताय. मी म्हटलं, चिंगीला. मग म्हणाली, "तिला लिहा, लंबूचं पूर्ण नाव घालून एक अर्ज टाईप करून आण. तुझ्या मामाचं अक्षर मला नको."

मामा